विश्लेषण : सिझेरियननंतर डोके का धरते? शहराच्या उंचीमुळे की पाठीतल्या सुईमुळे?

सिझेरियनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाक्यांची कळ थोडी ओसरते, बाळ अंगावर ओढू लागते आणि नेमके तेव्हाच काही बाळंतिणींचे डोके असे धरते की उठून बसणे नको होते. आडवे पडले की दहा-पंधरा मिनिटांत बरे वाटते. बाळाला घ्यायला उठले की मानेपासून कपाळापर्यंत पुन्हा तीच कळ. खाटेभोवतीचे नातेवाईक आपापले निदान करून मोकळे होतात : उशी घेतली म्हणून, वारा लागला म्हणून, फार बोलली म्हणून. मोबाइलवर शोधले तर आणखी एक कारण समोर येते, ते म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची. छत्रपती संभाजीनगर सुमारे ५७० मीटर उंचीवर वसले आहे. तेव्हा हा प्रश्न इथल्या घरांत पडणे साहजिक आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रातील सिझेरियनचे प्रमाण २०.१ टक्के होते, ते २०१९-२१ च्या फेरीत २५.४ टक्के झाले. म्हणजे राज्यात दर चौथे बाळ सिझेरियनने जन्माला येते आणि यातील बहुतेक शस्त्रक्रिया पाठीत भूल देऊन होतात. या डोकेदुखीचे खरे कारण काय, त्यात उंचीचा वाटा किती आणि कोणत्या डोकेदुखीत एक तासही दवडू नये, हे म्हणूनच बाळंतिणीच्या खोलीत वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

पाठीत भूल देतात म्हणजे काय करतात?

मेंदू आणि मज्जारज्जू एका पातळ पिशवीत, पाण्यात तरंगत असतात. या पिशवीच्या बाहेरच्या चिवट आवरणाला 'ड्यूरा' म्हणतात. आतले द्रव म्हणजेच बोलीभाषेतले 'पाठीतले पाणी'. मोठ्या माणसात ते साधारण १५० मिलिलिटर असते. शरीर दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नवे पाणी तयार करते आणि तेवढेच शोषून घेते.

भूलतज्ज्ञ कमरेच्या मणक्यांच्या फटीतून बारीक सुई या पिशवीत नेतात आणि साधारण दोन मिलिलिटर औषध सोडतात. पाच-दहा मिनिटांत छातीखालचा भाग बधिर होतो. 'सुई मज्जारज्जूला लागली तर पाय कायमचे जातील' ही भीती अनेकींना असते. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो आणि सुई त्याच्याही खाली टोचली जाते. तिथे पिशवीत फक्त पाणी आणि सुटे मज्जातंतू असतात.

सुई बाहेर आली तरी ड्यूराला पडलेले छिद्र लगेच बुजत नाही. त्यातून पाणी हळूहळू बाहेरच्या पोकळीत पाझरत राहते. गळती भरपाईपेक्षा जास्त झाली की मेंदूखालची पाण्याची गादी पातळ होते. माणूस उभा राहिला की मेंदू किंचित खाली ओढला जातो, त्याला धरून ठेवणारी आवरणे आणि शिरा ताणल्या जातात. पाणी कमी झाल्याची भरपाई म्हणून मेंदूतील रक्तवाहिन्याही फुगतात. या दोन्हींतून ती डोकेदुखी उठते. आडवे पडले की ताण जातो आणि दुखणे थांबते. बसल्यावर वाढणारे आणि झोपल्यावर कमी होणारे दुखणे ही तिची ओळख आहे ती यामुळे. सोबत मान आखडणे, मळमळ, कानात गुणगुण, ऐकू कमी येणे, क्वचित एकाचे दोन दिसणे असेही होते.

या डोकेदुखीचा पहिला जाणकार रुग्ण कोण?

खुद्द भूल शोधणारा डॉक्टर. जर्मनीतील कील शहरात शल्यचिकित्सक ऑगस्ट बिअर यांनी १६ ऑगस्ट १८९८ रोजी एका मजुराच्या घोट्याच्या शस्त्रक्रियेसाठी पाठीत कोकेन सोडून भूल दिली. शस्त्रक्रिया विनावेदना झाली, पण रुग्णाला नंतर उलट्या आणि डोकेदुखी झाली. आणखी काही रुग्णांनाही तोच त्रास झाला. हे औषधामुळे की आणखी कशामुळे, ते कळावे म्हणून बिअर यांनी स्वतःवरच प्रयोग करायचे ठरवले.

२४ ऑगस्टला त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी त्यांच्या पाठीत सुई घातली. पण पिचकारी सुईला नीट बसेना. औषध बाहेर सांडले आणि बिअर यांच्या पाठीतले बरेच पाणीही वाहून गेले. मग हिल्डेब्रांट म्हणाले, माझ्यावर करा. त्यांच्यावर भूल चढली. ती किती चढली हे पाहण्यासाठी बिअर यांनी त्यांच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारली, पायाला पेटती सिगार लावली. त्यांना काही कळले नाही. दोघांनी यश साजरे करत जेवण केले, वाइन घेतली. दुसऱ्या दिवसापासून मात्र बिअर यांचे डोके धरले. ते नऊ दिवस अंथरुणात होते आणि उठले की दुखते, पडले की थांबते हे त्यांनी नोंदवून ठेवले. हिल्डेब्रांट यांनाही डोकेदुखी झाली, शिवाय नडगीवर काळेनिळे डाग पडले ते वेगळेच.

त्रास कोकेनपेक्षा पाणी गळण्याने होत असावा, असा बिअर यांचा अंदाज होता. पुढच्या सव्वाशे वर्षांत तो बरोबर ठरत गेला.

मग बाळंतिणींनाच जास्त का?

अमेरिकेतील व्हॅन्डम आणि ड्रिप्स या डॉक्टरांनी १९५६ मध्ये पाठीत दिलेल्या १०,०९८ भुलींचा हिशेब मांडला. स्त्रियांत ही डोकेदुखी पुरुषांच्या दुप्पट होती आणि बाळंतिणींत तर सर्वाधिक. वय तरुण, शरीरात संप्रेरकांची उलथापालथ, बाळंतपणात गेलेले रक्त आणि पाणी, कळा देताना आलेला जोर अशी अनेक कारणे त्यामागे सांगितली जातात. पूर्वी कधी अशी डोकेदुखी झालेली असेल, तर शक्यता वाढते. भूल देताना एकापेक्षा जास्त वेळा सुई घालावी लागली तरी वाढते. म्हणूनच पाठ मांजरीसारखी वाकवून शांत बसा, असे भूलतज्ज्ञ पुन्हा पुन्हा सांगतात. कळ आलेल्या बाईला ते किती अवघड जाते, हे अर्थात त्यांनाही माहीत असते.

बाळाला जवळ घेणे, अंगावर पाजणे, स्वतःच्या पायांनी स्वच्छतागृहात जाणे हे सारे उठून बसल्याशिवाय होत नाही. त्यामुळे इतर रुग्णांना जी डोकेदुखी झोपून काढता येते, ती बाळंतिणीला झोपून काढता येत नाही. दूध पाजणे राहते, आई रडवेली होते आणि 'हिला बाळाची ओढच नाही' असे बोलणारेही भेटतात.

शहर उंचावर असल्याचा परिणाम होतो का?

हा प्रश्न दोन भागांत पाहायला हवा. एक, उंचीवर हवेचा दाब कमी असतो म्हणून पाणी जास्त गळते का? दोन, उंचीमुळे स्वतंत्रपणे डोके दुखते का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. संभाजीनगरला हवेचा दाब समुद्रकाठच्या मुंबईपेक्षा साधारण सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. खुलताबादच्या वर म्हैसमाळला, म्हणजे हजारेक मीटरवर, तो अकरा टक्क्यांच्या आसपास कमी होतो. लेहला, साधारण साडेतीन हजार मीटरवर, तो तब्बल एक तृतीयांशाने उतरतो. पण शरीर म्हणजे झाकण लावलेली बाटली नव्हे. बाहेरचा दाब घटला की तो त्वचेखाली, पोटात, मणक्याच्या पोकळीत आणि पाठीतल्या पाण्यात सगळीकडे सारखाच घटतो. गळती ठरते ती छिद्राच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातील फरकावर. तो फरक पैठणला आणि म्हैसमाळला सारखाच राहतो. उभे राहिल्यावर कमरेजवळ पाण्याचा जो भार येतो, त्यापुढे हवामानाचा परिणाम नगण्य आहे. म्हणून तर हे दुखणे उठण्या-झोपण्यावर हलते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र 'होय' आहे, पण खूप उंचावर. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'उंचीवरची डोकेदुखी' असा वेगळा प्रकार आहे आणि त्यासाठीची मर्यादा २,५०० मीटरच्या वर धरली आहे. तिथे श्वासातून प्राणवायू कमी मिळतो, मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोके ठणकते. कोरड्या थंड हवेत अंगातले पाणीही लवकर उडते. अशा ठिकाणी नुकतीच चढून गेलेली, पाठीत भूल घेतलेली बाई असेल तर दोन्ही दुखण्यांची सरमिसळ होते आणि कोणते कशाचे, हे सांगणे कठीण जाते. उंचावरच्या आणि सखल भागातल्या शहरांत पाठीतल्या भुलीची तुलना करणारे अभ्यास झाले आहेत, त्यांचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. दोन शहरांत उंचीखेरीज सुई, रुग्णांचे वय आणि भूल देणारे हातही वेगळे असू शकतात.

महाराष्ट्रापुरता हा प्रश्न सोपा आहे. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे आणि तिथे प्रसूतिगृह नाही. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. म्हणजे २,५०० मीटरची मर्यादा गाठणारे एकही गाव राज्यात नाही. पुणे आणि संभाजीनगर जवळपास एकाच उंचीवर आहेत. इथल्या बाळंतिणीचे डोके दुखले तर त्याचे खापर शहराच्या उंचीवर फोडता येणार नाही. पती लष्करात असून लडाखसारख्या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मात्र उंचीचा मुद्दा डॉक्टरांपुढे जरूर काढावा.

बाळंतपणानंतर माहेरी जाताना घाट उतरावा लागतो, त्याचे काय? कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे जाताना कानाला दडे बसतात, ते कानाच्या पडद्यामागील हवेमुळे. पाठीच्या छिद्राशी त्याचा संबंध नाही. घाटात डोके दुखलेच, तर गाडीत तास-दीड तास ताठ बसावे लागणे हे जास्त संभाव्य कारण आहे. विमानाची गोष्ट थोडी वेगळी. आतली हवा सुमारे २,४०० मीटर उंचीवर असते तितकी विरळ ठेवलेली असू शकते आणि पाठीत भूल घेतल्यानंतरच्या विमानप्रवासात डोके दुखल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. डोकेदुखी चालू असताना विमानाने जायचे असेल, तर आधी डॉक्टरांशी बोललेले बरे.

खरा फरक कशाने पडतो?

सुईने. तिच्या जाडीने आणि त्याहून जास्त तिच्या टोकाने.

सुईची जाडी 'गेज'मध्ये मोजतात आणि हे माप उलटे चालते. आकडा मोठा, सुई बारीक. २२ गेजची सुई साधारण पाऊण मिलिमीटर जाड, २५ गेजची अर्धा मिलिमीटर, २७ गेजची त्याहून बारीक. छिद्र लहान तर गळती कमी, हे कुणालाही पटेल. मात्र फार बारीक सुई वाकते, आतले पाणी तिच्यातून सावकाश येते, जागा सापडायला वेळ लागतो आणि पुन्हा टोचावे लागते. त्यामुळे बारीकपणालाही मर्यादा आहे.

टोकाचा मुद्दा लोकांपर्यंत फारसा पोहोचलेला नाही. जुन्या पद्धतीची 'क्विंके' सुई इंजेक्शनच्या नेहमीच्या सुईसारखी तिरकी कापलेली असते. ती आवरणाचे धागे कापत आत जाते. दुसऱ्या प्रकारची सुई शिसपेन्सिलीच्या टोकासारखी निमुळती असते आणि औषध बाहेर पडण्याचे भोक तिच्या कडेला असते. ती धागे बाजूला सारत जाते. गोधडीत दाभण घातला आणि काढला तर धागे पुन्हा जवळ येतात, ब्लेडने चीर दिली तर येत नाहीत, तसेच काहीसे. ही कल्पना हार्ट आणि व्हिटाकर या अमेरिकी डॉक्टरांनी १९५१ मध्ये मांडली. अशा सुईला आजही 'व्हिटाकर' म्हणतात. पुढे १९८७ मध्ये जर्मनीतून 'श्प्रोटे' सुई आली.

फरक किती पडतो? 'द लॅन्सेट'ने २०१८ मध्ये ११० चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण छापले. त्यात २९ देशांतील ३१,४१२ रुग्ण होते आणि भुलीसह कमरेतून सुई घालण्याच्या सर्व कारणांचा समावेश होता. कापणाऱ्या सुईने ११ टक्के रुग्णांना डोकेदुखी झाली, पेन्सिल-टोकाच्या सुईने ४.२ टक्क्यांना. काम फसण्याचे प्रमाण दोन्हींत सारखेच होते. वैद्यकशास्त्रात एवढा स्वच्छ निकाल क्वचित मिळतो.

तरीही कापणारी सुई आपल्याकडे सर्रास वापरली जाते, कारण ती स्वस्त आहे, सगळीकडे मिळते आणि हाताला सवयीची आहे. दिवसभर एकामागून एक सिझेरियन चालणाऱ्या रुग्णालयाच्या खरेदीत हा फरक मोठा दिसतो, हे मान्य. पण डोकेदुखीने लांबलेला मुक्काम, औषधे आणि आईचे हाल धरले तर हिशेब बदलतो. नियोजित सिझेरियन असेल तर 'सुई कोणत्या टोकाची, किती गेजची?' हे आधीच्या भेटीत विचारायला काहीच हरकत नाही. तातडीच्या वेळी मात्र या चौकशीत वेळ घालवू नये. कापणारी सुई असली तरी ती बारीक असेल, तिचा काप पाठीच्या कण्याच्या उभ्या रेषेत धरला आणि पहिल्याच प्रयत्नात जागा सापडली, तर त्रास होण्याची शक्यता कमी राहते.

या डोकेदुखीच्या भीतीने पाठीतली भूल नाकारणे मात्र चुकीचे आहे. बाळंतिणीला पूर्ण बेशुद्ध करण्यात श्वासनलिकेत नळी घालण्याचे आणि पोटातले अन्न फुप्फुसात जाण्याचे धोके असतात, ते या डोकेदुखीपेक्षा कितीतरी गंभीर आहेत. शिवाय आई जागी राहते, बाळाचे पहिले रडणे ऐकते.

उशी घेतली तर?

चोवीस तास उशी न घेता सपाट झोपवण्याची पद्धत अजून अनेक वॉर्डांत दिसते. तपासण्यांत मात्र असे पडून राहिल्याने डोकेदुखी टळते असे आढळलेले नाही. उलट सिझेरियननंतर लवकर हालचाल केली नाही तर पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका असतो. डोके उचलणे, बोलणे, हसणे यांचाही छिद्राशी संबंध नाही. डोकेदुखी सुरू झाल्यावर पडून राहिल्याने आराम वाटतो हे खरे, पण तो तात्पुरता आराम आहे. त्याने छिद्र लवकर बुजत नाही. 'पाठीत इंजेक्शन घेतले म्हणून जन्माची कंबर गेली' या समजालाही आधार मिळालेला नाही. टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते एवढेच. वर्षानुवर्षे दुखणाऱ्या कंबरेमागे गरोदरपणात सैल झालेले सांधे, वाकून बाळाला उचलणे आणि अपुरी विश्रांती ही कारणे जास्त असतात.

पाण्याबद्दलचा समज मात्र नुसता चुकीचा नाही, घातक आहे. 'बाळंतिणीने पाणी कमी प्यावे, पोट सुटते, टाक्यांत पाणी धरते' असे सांगून काही घरांत तिला दिवसाला मोजकेच पाणी देतात. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत, शेगडीच्या शेकाजवळ, कानाला फडके बांधून बसलेल्या बाईच्या अंगात यामुळे पाण्याचा तुटवडा होतो. जास्त पाणी प्यायल्याने ही डोकेदुखी बरी होत नाही. पण कमी प्यायल्याने त्याहून मोठे दुखणे ओढवू शकते.

उपचार काय?

बहुतेक वेळा आठवड्याभरात छिद्र आपोआप बुजते. तोवर डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल आणि सूज कमी करणारी वेदनाशामके दिली जातात. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशीच औषधे ते निवडतात, त्यामुळे औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणू नये. कॅफीनचाही उपयोग होतो, कारण ते फुगलेल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. २०२३ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार स्तनपान करणाऱ्या आईने दिवसाला २०० ते ३०० मिलिग्रॅमच्या आत राहावे. म्हणजे दिवसातून दोन-तीन कप कॉफी किंवा चार-पाच कप चहा. त्यापुढे गेल्यास बाळ जागे राहते.

दुखणे इतके असेल की बाळाला घेताच येत नाही, किंवा दोन-तीन दिवसांत उतारच नाही, तर 'ब्लड पॅच'चा पर्याय आहे. नाव ऐकून घाबरायला होते, कृती मात्र साधी आहे. बाईच्याच दंडातून १५ ते २० मिलिलिटर रक्त काढतात आणि निर्जंतुक खबरदारी घेऊन कमरेत, ड्यूराच्या बाहेरच्या पोकळीत सोडतात. रक्त गोठते आणि सायकलच्या ट्यूबला पंक्चरचे ठिगळ लागावे तसे छिद्रावर बसते. ही युक्ती जेम्स गॉर्मली या अमेरिकी सर्जनला १९६० मध्ये सुचली. ज्यांच्या पाठीत सुई घालताना थोडे रक्त आले होते, त्यांना डोकेदुखी कमी होते असे त्यांच्या लक्षात आले होते. अनेकींना काही तासांत उठून बसता येते, काहींना दुसऱ्यांदा करावे लागते. पहिल्या एक-दोन दिवसांत केल्यास गुण कमी येतो. ताप, संसर्ग किंवा रक्त न गोठण्याचा विकार असेल तर हा उपाय करत नाहीत.

कोणती डोकेदुखी वेगळी?

'पाठीत इंजेक्शन घेतले की डोके दुखतेच' या वाक्याने खरे नुकसान होते. बाळंतपणानंतरच्या प्रत्येक डोकेदुखीचे कारण सुई नसते आणि काही कारणे जीवावर बेतणारी असतात.

पहिले कारण रक्तदाब. गरोदरपणातील वाढलेला रक्तदाब बाळ जन्मले की संपतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांतही वाढू शकतो, अगदी गरोदरपणी नॉर्मल असलेल्या बाईलाही. डोकेदुखीसोबत डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येणे, छातीखाली पोटात दुखणे, चेहरा-हात सुजणे ही त्याची चिन्हे. पुढची पायरी म्हणजे झटके. १४०/९० किंवा त्याहून जास्त रक्तदाब असेल तर डॉक्टरांना कळवायलाच हवे. १६०/११० च्या पुढे असेल तर ती आणीबाणी आहे. डोके दुखते म्हटल्यावर चहाचा कप हातात देण्याआधी रक्तदाब मोजावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो मोजायला पैसे पडत नाहीत.

दुसरे कारण मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी. बाळंतपणानंतर रक्त घट्ट असते, त्यात अंगातले पाणी कमी झाले की धोका वाढतो. पाणी तोडण्याच्या प्रथेशी या आजाराचा संबंध भारतातील मेंदूविकारतज्ज्ञ अनेक वर्षांपासून सांगत आले आहेत. यातील डोकेदुखी झोपल्यावर थांबत नाही, उलट पहाटे किंवा झोपून वाढू शकते. उलट्या, झटके, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, गुंगी येणे ही पुढची लक्षणे.

तिसरे, सुईचीच डोकेदुखी पण बिघडलेली. पाणी फार दिवस गळत राहिले तर मेंदूला धरणाऱ्या शिरा ताणून फाटतात आणि आवरणाखाली रक्त साचते. हे फार क्वचित होते. उठल्या-बसल्यावर बदलणारी डोकेदुखी एकाएकी तशी बदलायची थांबली आणि सतत ठणकू लागली, तर 'आता बरी होत आली' असे समजू नये. ही धोक्याची खूण आहे. आणि चौथे, तापासह मान आखडली, उजेड सहन होईना, तर आवरणाला संसर्ग झाला असण्याची शक्यता असते.

थोडक्यात, झोपल्यावरही न थांबणारी, झटका आल्यासारखी अचानक सुरू झालेली, ताप, झटके, नजर किंवा हातापायांतील बदल सोबत असलेली डोकेदुखी घरी ठेवायची नसते. रात्र असली तरी १०८ वर फोन करावा. जालना, बीड, परभणीकडून येणाऱ्या गंभीर बाळंतिणी शेवटी संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या 'घाटी'तच पोहोचतात. वाटेतला प्रत्येक तास त्यांना महाग पडतो. तिथे पोहोचल्यावर 'सिझेरियन कधी झाले, भूल पाठीत दिली होती का, डोके झोपल्यावर थांबते की नाही' ही तीन उत्तरे सोबतच्या माणसाला देता आली, तर डॉक्टरांचे निम्मे काम होते. सुटी मिळताना दिलेले डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे.

पुढच्या बाळंतपणात पुन्हा पाठीतच भूल घेता येते का?

येते. एकदा डोके दुखले म्हणून दुसऱ्यांदा दुखेलच असे नाही, पण शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. त्यामुळे मागच्या वेळचा त्रास भूलतज्ज्ञांना शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे, तर आधीच्या तपासणीत सांगावा. किती दिवस दुखले, ब्लड पॅच लागला का, एकदाच टोचले की अनेकदा, आणि अर्धशिशीचा त्रास मुळातच होता का, एवढे सांगितले तरी सुई निवडताना त्याचा उपयोग होतो. हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले नसेल, तर घरी जाण्यापूर्वी लिहून मागावे.